अकरा मिनिटांचं नाव

छापखान्यात त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणत. वाक्य सुरू केलं की दुसऱ्याच शब्दावर गाडी अडायची, म्हणून. मुद्रितशोधकाची नोकरी कायम व्हायला त्याला नऊ वर्षं लागली. हे नाव पहिल्याच आठवड्यात कायम झालं.

अपंगत्वावरच्या कलाप्रदर्शनाला त्याने आपलं रेकॉर्डिंग दिलं, तेव्हा ताईने कपाळावर हात मारला.

“अरे, लोक चित्रं लावतात, पुतळे ठेवतात. तू काय तोतरेपणा मांडणार?”

त्याने मान हलवली. मान हलवताना तो कधी अडखळत नसे.

रेकॉर्डिंगमध्ये होतं एवढंच: स्वयंपाकघरात बसून त्याने स्वतःचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता सांगितला होता. अकरा मिनिटं लागली. समोर आई मटार सोलत होती. त्याची वाक्यं पुरी करून द्यायची घाई साऱ्या जगाला. एकट्या आईला ती नव्हती. तो अडला की ती म्हणायची, “सांग की सावकाश. मला कुठे जायचंय?”

दीड महिन्याने ती गेली. तिचा आवाज दुसरा कुठेच उरला नव्हता.

रेकॉर्डरमधलं कार्ड त्याने होतं तसं नेऊन दिलं. नक्कल काढून ठेवावी हे डोक्यातही आलं नाही. छापखान्याची सवय: मूळ प्रत मुद्रितासोबत परत येतेच.

उद्घाटनाच्या दिवशी ताईला घेऊन तो तासभर आधी पोचला. दालनाची व्यवस्था चोख होती. पायऱ्यांऐवजी उतार, धरायला कठडे, ऐकू न येणाऱ्यांसाठी प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे अक्षरांचा पडदा. त्याने हेडफोन कानाला लावला.

त्याचं नाव आलं. आडनाव आलं. गल्ली, घर नंबर, मजला. बातम्या वाचाव्यात तसं. सव्वीस सेकंदांत संपलं.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा सव्वीस.

“कसं वाटलं?” आवाजाचं काम बघणारा तंत्रज्ञ हात पुसत आला. माणूस भला होता, तीच पंचाईत. “ते पडद्यावर अक्षरं उमटवणारं यंत्र गडबडत होतं हो. एकच अक्षर वीस-वीस वेळा! मग दोन दिवस बसून एकेक अडखळ काढली. मागे कुणी बाई मधे मधे बोलत होत्या, तेही साफ केलं.”

“मू... मू... मूळ...”

“मूळ आवाज तुमचाच आहे, शप्पथ!”

“का... कार्ड.”

“ते होय? त्यावर दुसऱ्यांचं घेतलं. कार्डं कमी पडली. संगणकावरही आता हे साफ केलेलंच आहे.” मग त्याचा चेहरा बघून तो जरा हिरमुसला. “अहो, तुम्ही तरी वेगळं काय करता? दोनदा पडलेलं अक्षर खोडताच ना?”

याला उत्तर होतं. पण ते लांब होतं.

तोवर ताईने हेडफोन लावला होता. तिचे डोळे भरून आले. “किती स्वच्छ बोललास रे! आईने ऐकायला हवं होतं हे. मला पाठव, सगळ्यांना ऐकवते.”

तो संयोजक बाईंकडे गेला. “हे... हे का... का...”

“कायमचं ठेवा म्हणता? समितीला विचारते हं,” बाई खुलल्या. काढा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. लोक यायला लागले होते. बाईंनी माईक त्याच्या हातात दिला. “तुम्हीच दोन शब्द बोला ना.”

दोन नको होते. एक पुरे होता. रेकॉर्डिंग गेलं ते गेलं. त्यात आई होती, एवढं तरी लोकांना कळू दे.

“आ...”

पुढच्या गृहस्थांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

“आ... आ...”

तंत्रज्ञाचा हात नकळत बटणांकडे गेला. ताई लांबून ओठांनी शब्द पुरवू लागली: आभार. आभार म्हण.

अर्ध्या मिनिटाने बाईंनी माईक हळूच काढून घेतला. “आभार मानायचेत त्यांना. भावना दाटून आल्यात!”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात ताईच्या. लोक चहाच्या टेबलाकडे वळले, तेव्हाही तो तिथेच, तोंड उघडं ठेवून, पहिल्या अक्षरावर उभा होता. दुसरं यायला अजून बराच वेळ होता.