दहा मिनिटांचं कुलूप

आमच्या हॉस्पिटलात मला नावानं कुणी हाक मारत नसे. मी 'पासवर्ड'. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर विभागातून खाली उतरलो की जिन्यापासूनच सुरू व्हायचं, "आला बाई पासवर्ड एकदाचा!" मला राग येत नसे. खरं सांगायचं तर आवडायचं. हॉस्पिटलात डॉक्टरांना नमस्कार मिळतो, सिस्टरना आशीर्वाद मिळतात आणि कॉम्प्युटरवाल्याला शिव्या. त्या मानानं पासवर्ड हे लाडाचंच नाव झालं.

नाव ठेवलं मोठ्या सिस्टरनी. पुरुषांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख. बत्तीस खाटा, दिवसपाळीला सात सिस्टर आणि टेबलावर एकच कॉम्प्युटर. प्रत्येकीला स्वतःचं कार्ड, स्वतःचा पासवर्ड. कार्ड घालायचं, पासवर्ड टाकायचा, मग मशीन तीन-चार मिनिटं गोल गोल फिरत विचार करणार. एवढं करून दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप कुलूप. परत कार्ड, परत पासवर्ड, परत ते गोल गोल. हा नियम वरच्या मंडळींनी कुठल्या तरी गार खोलीत बसून केला होता. तो प्रत्येक मशीनवर चढवण्याचं काम माझं होतं.

एकदा मोठ्या सिस्टरनी मला टेबलापाशी बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघ, मी सकाळी सातला येते, माझ्या नावानं मशीन उघडते. ते तीनपर्यंत उघडंच राहील असं कर. बाकीच्या माझ्याच नावावर काम उरकतील."

"सिस्टर, नियम आहे तो."

"मग नियमाला सांग, बावीस नंबरचं बेडपॅन काढ म्हणावं. तोवर मी बसते गोल गोल बघत."

मी हसलो आणि कुलूप काढलं. दोन मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही. मशीननं मात्र लिहून ठेवलं, माझ्या नावासकट आणि तारखेसकट, पण ती नोंदवही उघडून बघणारा सगळ्या इमारतीत मीच. वर्षभर सुरळीत चाललं. तपासणीच्या दिवशी सगळ्या गळ्यात आपापली कार्डं घालून शहाण्यासारख्या उभ्या राहायच्या आणि तपासणीवाले गेले की कार्डं परत खणात. वॉर्डात माझी वट होती. मी गेलो की कुणीतरी खुर्ची पुसून द्यायचं.

मग अकरा नंबरला तो म्हातारा शिंपी आला. छातीत कफ, धाप, पण नजर शाबूत. मी शेजारच्या खाटेमागून जाणारी कॉम्प्युटरची तार तपासत होतो तर म्हणाला, "अहो, तुमचं ते वरून दुसरं बटण लोंबतंय. पडलं तर तसलं मिळायचं नाही." मुलीच्या पिशवीतून सुई-दोरा काढायला लावून त्यानं मला वाकवलं आणि शर्ट अंगावर असतानाच बटण शिवून दिलं. हाताला सलाईन लावलेलं. दात नव्हते, म्हणून दोरा मुलीनं तोडला.

त्याला एक इंजेक्शन चालत नव्हतं. मुलीनं आल्या आल्या तसं सांगितलं होतं. कॉम्प्युटरवर त्यासाठी एक चौकट आहे: पेशंटला कोणतं औषध चालत नाही? ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दुपारच्या गडबडीत कुणीतरी 'कोणतंच नाही' वर बोट टेकवलं आणि पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर बघून नेमकं तेच इंजेक्शन लिहिलं. वीस मिनिटांत म्हातारा गेला. मी तेव्हा वर एका प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत बसलो होतो.

नोंद होती दुपारी दोन चाळीसची. नाव मोठ्या सिस्टरचं. दोन चाळीसला मोठ्या सिस्टर तळमजल्यावर एका पेशंटला एक्स-रेसाठी घेऊन गेल्या होत्या. पण एक्स-रेच्या खोलीत पेशंटचं नाव लिहितात, सोबत कोण आलं ते लिहीत नाहीत. तिथला माणूस म्हणाला, रोज साठ येतात, कोण कुणाबरोबर होतं कसं आठवणार?

हे सगळं कळल्यावर मी पहिलं काम काय केलं? वॉर्डातल्या मशीनवर ते कुलूप परत चढवलं. म्हाताऱ्याला अजून घरी नेलंही नव्हतं.

सहा वर्षं मी कंत्राटावर होतो. कायम झाल्याची ऑर्डर त्याच महिन्यात निघणार होती. प्रशासनाच्या मोठ्या साहेबांची फक्त सही बाकी होती आणि चौकशी समितीचे अध्यक्षही तेच. बायकोला सगळं सांगितलं. ती इस्त्री करत होती.

"पण त्या तर खाली होत्या ना?" ती म्हणाली.

"होत्या."

"मग सांग की."

"आणि कुलूप कुणी काढलं विचारलं तर?"

ती शर्टाची कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवत राहिली. तिच्या गप्प बसण्याचा मी मला सोयीचा तो अर्थ काढला. वरून दुसरं बटण तेच होतं, शिंप्यानं शिवलेलं.

समितीत तिघं. मोठे साहेब, बाहेरून बोलावलेले एक वयस्क डॉक्टर आणि एक वकीलबाई. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन, नोंदी दाखवायला. साक्षीदारांना एकेक करून आत बोलावत होते. शिंप्याची मुलगी म्हणाली, "मी स्वतः सांगितलं होतं सिस्टरना. नाव नाही माहीत. चष्मा होता त्यांना."

मोठ्या सिस्टरना चष्मा नाही. सातजणींत चष्मा एकीलाच.

"दुःखात आठवण गोंधळते, बाई," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आपल्याकडे नोंद आहे."

मग सहाजणी येऊन गेल्या. मशीनबद्दल विचारलं की प्रत्येकीचं एकच, 'ज्याचं नाव, त्याची नोंद.' चष्मेवालीही तेच म्हणाली, फक्त बाकीच्यांपेक्षा जरा पटकन. मूग गिळून बसायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं. मला त्यांचा संताप आला, आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

शेवटी मोठ्या सिस्टर. सत्तावीस वर्षांची नोकरी, पण खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

"नोंद मी केलेली नाही. मी खाली होते. मशीन सकाळपासून माझ्या नावानं उघडं असायचं, सगळ्याच त्यावर काम करायच्या. ते तसं राहावं ही मागणी माझी होती. तेवढी चूक माझी."

"उघडं ठेवून कुणी दिलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मागणी माझी होती," त्या परत म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. मी आपल्या पायांनी त्यातून यायचं होतं, एवढंच.

साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "मशीन असं दिवसभर उघडं राहू शकतं?"

"नाही साहेब. दहा मिनिटांत लॉक होतं."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा."

वयस्क डॉक्टरांना ते पटलं नसावं. ते म्हणाले, "चला, बघूनच येऊ." सगळी वरात वॉर्डात गेली. मोठ्या सिस्टरनी आपलं कार्ड घातलं, पासवर्ड टाकला. पडदा उजळला, त्यांचं नाव वर उमटलं. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आम्ही उभे राहिलो.

दहा मिनिटं किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. अकरा नंबरला नवा पेशंट पेपर वाचत होता. कुणी खोकलं. एकीनं सलाईनची बाटली बदलली. तिसऱ्या मिनिटाला मला वाटलं, आता बोलावं: साहेब, हे कुलूप मी म्हातारा गेल्यावर चढवलंय, माझ्याकडे नोंदवही आहे, चला दाखवतो. पाचव्या मिनिटालाही वाटलं. मोठ्या सिस्टर शांत होत्या. म्हातारा गेला त्या दिवसापासून त्यांना घरी बसवलं होतं, कुलूप परत चढल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. मशीन उघडंच राहणार आणि त्यांचा शब्द खरा ठरणार, याची त्यांना खात्री होती. माझ्यावर विश्वास होता बाईंचा. आठव्या मिनिटाला बोलायचा विचार मी सोडून दिला. नंतर मी फक्त पडद्याकडे बघत होतो आणि तो लवकर बंद व्हावा म्हणून, देवाशपथ सांगतो, मनात प्रार्थना करत होतो.

पडदा काळा झाला. मोठ्या सिस्टरनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदाच.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. डॉक्टरांनी घड्याळ बाहीखाली ढकललं.

त्यांना काढलं. नर्सिंगची नोंदणीही रद्द झाली, म्हणजे दुसरीकडेही दार बंद, आणि वर पोलीस केस. हॉस्पिटल सोडणाऱ्यानं कार्ड कॉम्प्युटर विभागात जमा करायचं असतं. त्या तीन मजले चढून आल्या, दम लागला होता. कार्ड टेबलावर ठेवलं. मी सहीसाठी कागद पुढे केला.

"कायमची ऑर्डर आली का तुझी?"

"आली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी आयुष्यभर त्याला धरून राहिलो असतो. सही करून त्या गेल्या. मी त्यांचं खातं बंद केलं. 'नक्की?' असं मशीननं विचारलं, नेहमी विचारतं तसं.

आता वॉर्डात मला पासवर्ड कुणी म्हणत नाही. साहेब म्हणतात. खुर्ची अजूनही पुसून देतात, पण मी बसलो की आपसातलं बोलणं थांबतं.

मोठ्या सिस्टरच्या जागी दुसऱ्या शहरातून एक बाई बदलून आल्यात. पन्नाशीच्या, हसऱ्या, पर्समध्ये नातवाचा फोटो. त्यांच्या चौथ्या दिवशी मला फोन आला, मशीन अडलंय म्हणून. गेलो तर मशीनला काही झालेलं नव्हतं. चष्मेवालीनं चहा आणून ठेवला.

"साहेब, कामं तुंबतात हो. एकाला फिट आलेली आणि आम्ही गोल गोल बघत बसलो होतो. ते पूर्वीसारखं करून द्या ना."

"आता नाही जमायचं."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आम्ही त्या दिवशी तुमच्याबद्दल काही बोललो का?"

मी तिच्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान आणि थकलेले दिसत होते. तीही घाबरलेलीच होती. तिला माझं माहीत होतं, मला तिचं. आम्हा दोघांनाही आता कुठे जायला जागा नव्हती.

मी खुर्चीत बसलो. नियमांचं पान उघडलं. कुलूप काढलं.

"पण उघडं ठेवायचं कुणाच्या नावानं?" एकीनं विचारलं. सगळ्याजणी एकदम आपापल्या कामाला लागल्या. कुणी फाइल चाळायला लागली, कुणी ट्रे पुसायला.

"अगं, त्यात काय एवढं?" नव्या बाई मागून म्हणाल्या. "सकाळी सगळ्यांच्या आधी मीच येते की. माझ्या नावानं राहू दे." आणि गळ्यातलं कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. फोटोत त्या हसत होत्या.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. चष्मेवाली माझ्याकडे बघत होती. मी कार्ड घातलं आणि पासवर्ड टाकण्यासाठी बाईंना खुर्ची दिली.