लेम्पीआजीला दिवस गेले

ऑस्मोच्या सौनाघरात वाफेचं न्हाणं बंद होऊन दर्शन सुरू झालं होतं. बाहेर बर्फात गर्दी दाटली होती. रोग्यानं तोंड उघडण्याआधीच ऑस्मो आजार सांगायचा. त्याच्या शब्दावर लेम्पीआजीनं चार दिवस मधुमेहाचं इंजेक्शन टाळलं होतं.

तिला समजवायला आलेल्या डॉक्टर इर्या मात्र मागे, शाल नाकापर्यंत ओढून उभ्या होत्या. थंडीमुळे, असं त्या स्वतःला सांगत होत्या. ऑस्मोचं निदान दवाखान्याच्या तपासणीशी दर वेळी जुळायचं. जमलंच तर आपल्या कंबरदुखीचंही विचारावं, असं त्यांच्या विद्यापीठात शिकलेल्या मनात येऊन गेलं होतं!

लेम्पीआजी पुढे आली. ऑस्मो जरा घुटमळला, मग डोळे मिटून म्हणाला, "दिसलं! लेम्पी, तुझ्या पोटी मूल आहे. तिसरा महिना!"

"बायबलातल्या सारालाही म्हातारपणीच मूल झालं होतं!" कुणीतरी हात जोडले.

"अरे मेल्या, एकाहत्तरावं लागलंय मला! नवरा जाऊन बारा वर्षं झाली!"

इर्याबाई खुदकन हसल्या आणि एकदम त्यांना आठवलं. सकाळीच गाडीतल्या रेडिओ-टेलिफोनवर दवाखान्यातून नर्स कैसा म्हणाली होती, "लेम्पी, तिसरा महिना." इर्याबाईंनी गाडीतून सुनावलं होतं, "अगं, नीट बघ, ती तपासणीची चिठ्ठी दुसऱ्या बाईची!" ऑस्मोला चूक दिसली, मग दुरुस्ती का दिसली नाही?

त्या गाडीकडे धावल्या आणि रेडिओवर म्हणाल्या, "कैसा, लेम्पीआजीला हाक मार. मोठ्यानं!"

सौनातली सरपणाची पेटी बोलू लागली, "लेम्पीआजी, इंजेक्शन घ्यायला या ना!"

ऑस्मो पेटीवर बसला. आवाज त्याच्या खालून येतच राहिला.

लोकांनी त्याला उठवून आतला रेडिओ बाहेर काढला. इर्याबाई परत आल्या. "दवाखान्याचा आवाज एका लहरीवर येतो, माझा दुसऱ्या लहरीवर जातो. याला पहिलीच सापडली, म्हणून निम्मंच दिसायचं. आणि ही दिव्यदृष्टी पुरवत कोण होतं? मी! तुमची दुखणी नावानिशी हवेवर सोडत होते, आणि वर याचा चमत्कार बघून चकित होत होते."

"देवच मला ऐकवतो," ऑस्मो पुटपुटला.

"देवाला ऐकायला यंत्र लागत नाही," लेम्पीआजी म्हणाली. "तुला लागतं."

इर्याबाई लोकांकडे वळल्या. "कोणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर मान डोलावण्याआधी विचारा, याला कळलं कसं? एवढ्या प्रश्नानं देव रुसत नाही. मीही तो आज पहिल्यांदाच…"

"प्रवचन पुरे, बाई." लेम्पीआजीनं कोटाची बाही वर सरकवली. "डोळ्यांपुढे अंधारी येतेय. आधी टोचा."