उन्हाळ्यातली ओल

"ताई, ही माती तहानली की तोंड उघडते. उघडू द्या तिला. पाऊस पडेपर्यंत तिच्या तोंडात थेंब घालू नका. एका बाजूनं तर नाहीच नाही," भिंतीचा शेवटचा दगड बसवून हात झटकत गवंडीकाका म्हणाले होते.

तिनं ते हसण्यावारी नेलं. "काका, मातीला तोंड असेल, पण माझ्या पोरीला पाय आहेत!"

काकाही हसले. आपली हत्यारं पोत्यात भरून उतार उतरून गेले.

घर टेकडीच्या उतारावर. पुढे चार पावलांचं अंगण, अंगणाच्या कडेला माती धरून ठेवणारी दीड पुरुष उंच दगडी भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी, अगदी दोन हातांवर, शिवणवाल्या मावशींची मागची खोली. वर हिच्या घरात बाळ रडलं की खाली मावशींचं मशीन थांबायचं आणि हाक यायची, "अगं, घेऊन ये तिला इकडे. चिंध्या देते खेळायला."

उतारावरची ती काळी चिकण माती पावसाळ्यात पायाला चिकटली की सोडायची नाही आणि उन्हाळ्यात अशी भेगाळायची की चमचा पडला तर परत दिसू नये. एकदा तिनं भेगेत काठी घातली. हातभर गेली, तरी तळ लागेना. नवरा म्हणाला, "आपल्या घरात दोन गोष्टींना अंत नाही. एक ही भेग आणि दुसरी तुझी काळजी."

काळजी खरीच होती. झोपलेल्या लेकीच्या, ठमीच्या, नाकाशी ती दिवसातून दहादा बोट धरून बघायची. द्राक्षाचे चार तुकडे करून मगच भरवायची. त्या उन्हाळ्यात ठमी चालायला लागली, आणि तिसऱ्याच दिवशी तिचा इवलासा पाय गुडघ्यापर्यंत भेगेत गेला. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं. पण तो टाहो तिच्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं ठमीच्या अंघोळीचं पाणी भेगेत ओतलं. मग कपड्यांचं, मग भांड्यांचं. रोजच्या सहा-सात बादल्या. आठवड्याभरात माती फुगली आणि मळलेल्या कणकेसारखी एकजीव झाली. ठमी भिंतीच्या बाजूला सावलीत खेळायची, म्हणून तेवढाच पट्टा ती भिजवायची. मागच्या दारची माती तशीच कोरडी ठणठणीत. अंगणाच्या त्या गुळगुळीत पट्ट्याकडे बघून तिला वाटायचं, चला, एक संकट तरी मी बुजवलं.

कॉलेजात मातीवरचं एक अख्खं प्रकरण तिनं पाठ केलं होतं. चिकण माती पाणी पिऊन किती फुगते, फुगताना किती जोरानं रेटते, यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आठ मिळाले होते.

महिन्याभरानं मावशींनी खालून हाक मारली, "अगं ए, तुझ्या भिंतीनं पोट काढलंय! कितवा महिना म्हणायचा?"

"मावशी, तुमचं काहीतरीच!" ती कठड्यावरून वाकून हसली. भिंतीकडे काही तिनं पाहिलं नाही. हातात बादली होती.

चार दिवसांनी, भर दुपारी, ती ठमीचं अंग पुसत होती. खालून मशीनची खडखड ऐकू येत होती. एकदम पोती टाकावीत तसा धप्प आवाज झाला, मागोमाग पत्रा किंचाळला. मग मशीन ऐकू येईना. ठमीला टॉवेलात तशीच गुंडाळून ती बाहेर धावली. अंगण अर्धंच उरलं होतं.

मावशी जगल्या. उजवा हात मात्र दोन दगडांच्या मध्ये सापडला होता. डॉक्टरांनी तीन बोटं काढली, उरलेली दोन वळेनात.

काकांना बोलावणं गेलं. अख्खी आळी जमली होती. काकांनी ढासळलेल्या मातीत हात घातला, मूठभर माती घेतली आणि दाबली. तिचा लाडू वळला. भर उन्हाळ्यात. त्यांनी मान वर करून अंगणाकडे पाहिलं. उरलेल्या अंगणाच्या कडेला रिकाम्या बादल्या होत्या आणि ठमीला कडेवर घेऊन ती उभी होती. काकांची नजर तिच्यावरून ठमीवर गेली आणि तिथेच थांबली.

"ओल आहे," ते एवढंच म्हणाले.

"ओल?" मावशींचा मुलगा अंगावर धावून आला. "भिंत तू बांधलीस, आणि आता ओलीवर ढकलतोस? माझ्या आईचा हात गेला, म्हाताऱ्या!"

आता काका सांगतील, असं तिला वाटलं. त्यांनी सांगावं, म्हणजे आपल्याला सांगावं लागणार नाही. ती वाट बघत राहिली. काकांनी मुठीतली माती हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "भिंत माझीच होती. पुन्हा उभी करून देतो."

नऊ दिवस ते एकटे दगड चढवत होते. ती चहा घेऊन जायची. ते कप घ्यायचे, "ठेवा ताई" म्हणायचे. रोज ती ठरवून जायची आणि रोज रिकामा कप घेऊन परत यायची. नवरा म्हणाला, "आता बोलून मावशींचा हात परत येणार आहे का? पोलीस आले तर पोरीला कोण सांभाळेल?" तिला हवं होतं तेच तो बोलला, म्हणून तिनं ऐकलं.

उतारावरची निम्मी घरं काकांच्या भिंतींवर उभी होती. लोकांनी त्या भिंतींना वासे टेकवले. पोरंटोरं त्यांना 'पाडकाका' म्हणू लागली, मग मोठेही. काम मागायला गेले की माणसं दारातूनच सांगायची, "नको बाबा, आमची बोटं आम्हाला हवीत." एके दिवशी ते दिसेनासे झाले. कोणी विचारलंही नाही.

पाऊस येऊन गेल्यावर मावशींनी तिला खाली बोलावलं. डाव्या हातानं त्यांनी ठमीसाठी झबलं शिवलं होतं. टाके लहानमोठे, वाकडेतिकडे. "हसू नकोस हं. पहिलीतल्या पोरीचं अक्षर आहे असं समज."

तिला हसू आलं नाही. झबलं हातात धरून ती खालीच बसली आणि बोलली. बादल्या, भेगा, काकांचं सांगणं, मुठीतला मातीचा लाडू, सगळं.

बाहेर ठमी चिंध्या उधळत होती.

"तेव्हा सांगितलं असतंस," मावशी म्हणाल्या, "तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. महिनाभर तोंड पाहिलं नसतं. पण पोर रडली असती तर हाक मारलीच असती. त्या गवंड्याला मात्र मी शाप दिले गं. रोज, या हाताकडे बघून."

"मावशी, मी..."

"माझ्यासमोर काय रडतेस? चल, ऊठ."

दोघी काकांच्या खोलीवर गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गेले की. कुठल्याशा साइटवर माती उपसायला लागलेत म्हणे. या वयात! दगडाला हात लावणार नाही, म्हणाले. जाताना घरात पीठही नव्हतं, मीच चार भाकऱ्या बांधून दिल्या."

मावशींनी मुलाला पुढे घालून आळीत दारोदार खरं सांगायला लावलं. तीही ठमीला घेऊन मागे उभी राहायची आणि "चूक माझी" म्हणायची. लोकांनी वासे काढले. तिच्याशी बोलणं काहींनी टाकलं ते टाकलंच. पण ज्याच्या कानावर हे जायला हवं, त्याचा पत्ता नाही. चार साइट्स ती पालथ्या घालून आली, मावशींचा मुलगा आणखी सहा.

म्हणून भेटेल त्याला ती विचारते, आणि तुम्हालाही तिचं हेच मागणं आहे. तुमच्या गावात कुठे पाया खणत असतील, तर जाता-येता जरा थांबा. घमेलं उचलणाऱ्यांत एखादा साठीपलीकडचा, उंच, थोडा वाकलेला माणूस आहे का बघा. उजव्या अंगानं बोला, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. जेवलात का, असं आधी विचारा. अंगात ताप तर नाही ना, तेही बघा. ते "बरं आहे" म्हणतील, त्यावर विश्वास ठेवू नका.