लोर्नाच्या नावाची कुपी

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची कुपी आहे. जुनी म्हटल्यावर तुम्ही हसाल, कारण माझे झाकण अजून कोणी उघडलेलेसुद्धा नाही. माझ्या पोटात चिमूटभर पांढरी पूड आहे. तिला स्टिरॉइड म्हणतात. ती पातळ औषधात कालवून दुखऱ्या गुडघ्यात टोचली, की माणूस दोन-तीन महिने तरी बऱ्यापैकी चालतो. एवढेच माझे काम होते आणि ते एकदाही माझ्या हातून झाले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला बनवायला किती खर्च आला, ते मला कोणी सांगितले नाही. पण पुढे मी जिथे गेले तिथे माझी किंमत बदलत गेली. कारखान्याचा भाव एक, दवाखान्याच्या बिलातला दुसरा, विमा कंपनी कबूल करणार तो तिसरा आणि रोग्याच्या खिशातून जाणार तो चौथा. पूड मात्र तेवढीच! खरे सांगते, मला याचा गर्व वाटे. मी फ्रिजमध्ये राहायची. माझी स्वस्तातली बहीण, साध्या स्टिरॉइडची कुपी, बाहेर उघड्या फळीवर, कापसाच्या पुड्यांशेजारी पडलेली असायची. मी तिच्याशी धड बोलतही नसे.

मिशिगनच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या एका लहानशा दवाखान्यात मला आणले ते लोर्ना हेक्किनेनसाठी. लोर्ना शाळेची बस चालवायची. ब्रेक दाबायचा तोच गुडघा झिजला होता आणि त्यात मधुमेह. डॉक्टरांना पहिल्यापासून मीच हवी होते, कारण माझ्याने साखर फारशी चढत नाही. पण विमा कंपनी म्हणाली, आधी स्वस्त सुई टोचा, ती बाधली तर पाहू. टोचली. साखर इतकी चढली की लोर्ना आठवडाभर बसवर गेली नाही. असा बाधल्याचा पुरावा हाती आला, तेव्हा कंपनीने मला मान्यता दिली.

त्याच वर्षी लोर्नाचे पित्ताशय काढले होते. इथे विमा असला तरी दर वर्षी पहिले काही हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात, मग कंपनी पैसे सोडते. लोर्नाचे ते सगळे ऑपरेशनातच भरून झाले होते. त्यामुळे डिसेंबरात मी तिला जवळजवळ फुकट पडणार होते. नर्स रेनाटाने तिच्या नावाची चिठ्ठी रबराने माझ्या खोक्याला बांधली. बिलांचे कामही रेनाटाच बघायची. नाताळनंतरचा शुक्रवार ठरला.

बुधवारी फोन वाजला. फोन फ्रिजशेजारीच होता आणि लोर्नाचा आवाज मुळातच खणखणीत.

"रेनाटा, शुक्रवारचं जमत नाही गं. पोरांची हॉकीची मॅच आहे आणि आपला दुसरा ड्रायव्हर वॉल्टर तापाने आडवा झालाय. मी नाही गेले तर बस जागची हलायची नाही."

"अगं, पण तुझा गुडघा?"

"तो कुठे पळून जातोय? इतके महिने दुखला, अजून चार दिवस दुखेल. पुढच्या आठवड्यातलं दे."

रेनाटाने पान उलटले आणि पहिला मोकळा दिवस दिला. तो नव्या वर्षातला होता. दोघींचा जन्म याच गावात, विम्याच्या याच हिशेबात गेला, पण मध्ये वर्ष बदलते आहे हे त्या घटकेला कोणाच्या ध्यानात आले नाही. पोरे सामना जिंकून आली म्हणे.

जानेवारीत लोर्ना बुटांवरचा बर्फ झटकत आली. रेनाटासाठी तिने मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी आणली होती. थंडपणा जावा म्हणून मला ट्रेमध्ये बाहेर काढून ठेवले होते. मला वाटले, आला आपला दिवस.

"लोर्ना, जरा बस. वर्ष बदललं गं."

"ठाऊक आहे. परवा रात्री घरी फटाके उडवले आम्ही."

"तसं नाही. तुझं खिशातून भरायचं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालंय." रेनाटाने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

लोर्नाने त्यावरचा आकडा बोट ठेवून वाचला. "मागच्या आठवड्यात किती होतं?"

"वीस-पंचवीस डॉलर."

"आणि औषध?"

"तेच. हे काय, तुझ्या नावाचं."

"मग आठवड्यात त्यात सोनं घातलं का गं कुणी?" लोर्ना हसली. "एवढ्यात माझ्या घराचं हिवाळाभराचं इंधन येतं. घर गरम ठेवू की गुडघा? ती फळीवरची टोच."

"साखर चढेल. बसच्या परवान्याची डॉक्टरी तपासणी तोंडावर आलीय तुझी."

"ब्रेकच दाबता आला नाही, तर तपासणीत पास होऊन काय करू?"

माझी बहीण लोर्नाच्या गुडघ्यात गेली. मी ट्रेमध्ये तशीच पडून राहिले. माझा सगळा तोरा त्या दिवशी उतरला. ज्या बहिणीला मी हिणवत होते, तिला निदान कोणाच्या तरी उपयोगी पडता आले.

पण ते उपयोगी पडणेही कसले! तपासणीत साखर भरमसाट निघाली आणि लोर्नाची बस गेली. आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात त्याच गुडघ्यावर उभी राहून पोरांना वाढते. ते काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि इथे नोकरीबरोबर मिळणारा विमा अशा कामाला नाही. मला निदान दुसऱ्या रोग्याला देता यावे म्हणून रेनाटाने विमा कंपनीला कितीदा तरी फोन लावले. दर वेळी पलीकडे आधी गाणे वाजायचे आणि मग नकार यायचा. दुसऱ्या कोणासाठी मला मान्यता मिळाली नाही आणि फुकट द्यायला दवाखान्यालाही मी परवडत नव्हते.

एकदा फ्रिजबाहेर काढले, की मला थोडेच आठवडे आयुष्य असते. ते सरले. रेनाटाने लोर्नाच्या नावाची चिठ्ठी काढली, रबर चांगले होते म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि मला टाकाऊ औषधांच्या डब्यात सोडले. तिथूनच मी तुमच्याशी बोलते आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, की मला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला खूप जपले. थंडीत ठेवले, कुलपात ठेवले, मी एवढी महागाची म्हणून कोणी धक्कासुद्धा लागू दिला नाही. लोर्नाला जपायचे तेवढे राहून गेले.