सहा वाजताचे दूध

मित्रांनो, मी एक जुना मग आहे. चिनी मातीचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. भट्टीतून निघालो तेव्हा माझा कान जरा वाकडा होता, म्हणून कारखान्याने मला दुय्यम मालात टाकले. तिथून एका नव्या नवरीने मला उचलले आणि नवऱ्याला म्हणाली, याचा कान अगदी तुमच्यासारखा आहे. त्या नवरीला आता सगळे आजी म्हणतात आणि तिचा नवरा म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे आजोबा.

रोज सकाळी सहाला आजी माझ्यात कोमट दूध भरून आजोबांपुढे ठेवी. आदल्या दिवशी कितीही भांडण झालेले असो, दूध चुकले नाही. अबोल्यात तर ते जरा जास्तच गोड असे. मला याचा फार अभिमान होता. दुकानातली घड्याळे पुढेमागे होत, मी कधी झालो नाही.

मग आजोबांना थायरॉईडचा त्रास सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला एक गोळी दिली. आजीने विचार केला, दूध म्हणजे काही जेवण नव्हे. उलट कोरड्या पोटात गोळी टोचेल. म्हणून गोळी आणि मी एकाच ताटलीतून जाऊ लागलो.

पण आजोबा सुधारेनात. भर उन्हात त्यांना थंडी वाजे. भिंग डोळ्याला तसेच ठेवून ते पेंगत. एकदा त्यांनी एक मनगटी घड्याळ जोडले आणि टेबलावर एक बारीक स्क्रू उरला. आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी गोळीची ताकद एकदा वाढवली, मग दुसऱ्यांदा. दर वेळी त्या विचारत, गोळी वेळेवर घेता ना? घड्याळजीला असे विचारल्यावर आजोबा छाती फुगवून सांगत, सहाच्या ठोक्याला. कशाबरोबर घेता, हे कुणी विचारले नाही. शेवटी आजोबांनी चिमटे फडक्यात बांधले आणि म्हणाले, दुकान विकून टाकू.

त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणासाठी आजी दोन महिने तिच्याकडे गेली. आजोबांना दूध तापवायचा भारी कंटाळा. ते नळाखाली मला धरत आणि पाण्याबरोबर गोळी गिळून टाकत. मला खरे तर अपमान वाटला. पण महिन्याभरात आजोबांनी चिमट्यांचे फडके पुन्हा सोडले! आजी परत आली तेव्हा ते शीळ घालत एका घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवत होते. फक्त छातीत अधूनमधून धडधडते, हे त्यांनी लपवून ठेवले होते. शेजारीण हसत म्हणाली, तू गेलीस आणि म्हातारा टुणटुणीत झाला बघ.

ती थट्टा आजीच्या मनाला लागली. तिने दुसऱ्या दिवसापासून दूध अधिकच प्रेमाने दिले. दोन महिन्यांत आजोबा पुन्हा पेंगू लागले. एका सकाळी मला विसळताना आजीला रडू कोसळले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे ती स्वतःलाच दोष देत होती, आणि खरा चोर तिच्या हातात होता.

पण आजी रडून थांबणारी नव्हे. तिने डोळे पुसले, मला पिशवीत घातले आणि आजोबांना घेऊन थेट दवाखाना गाठला.

"मी नसले की हे बरे असतात, मी आले की आजारी पडतात," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मी सगळं आठवून पाहिलं, यांनाही विचारलं. मधे बदललं ते एवढंच. हा मग आणि यातलं दूध."

डॉक्टरीणबाईंनी मग हातात घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "आजी, दुधातलं कॅल्शियम या गोळीला धरून ठेवतं, अंगात नीट उतरू देत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमचं काही चुकलं नाही."

तेव्हा आजोबांनी लपवलेली धडधड कबूल केली. पाण्याबरोबर घेतल्यावर वाढवलेली ताकद जास्त होत होती, धडधड त्यामुळेच, असेही त्यांनी सांगितले. त्यांनी रक्त तपासून ताकद कमी केली. गोळी साध्या पाण्याबरोबर, आणि दूध त्यानंतर चार तासांनी.

घरी आल्यावर आजोबा बराच वेळ मला हातात फिरवत बसले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मला दूध कधीच आवडलं नाही."

आजी त्यांच्याकडे वळली. "अहो, चाळीस वर्षं! मग पीत का होतात?"

"तू देत होतीस."

आजीने मान फिरवली. तिने विचारले, "मग उद्यापासून बंद करू?"

"बंद कशाला? दहाला दे."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेत असेल, तर ती गोळी कशाबरोबर घेतली जाते हे एकदा बघा. दूध असो, चहा असो की फळांचा रस, डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि त्यांना विचारल्याशिवाय मनाने काही बदलू नका. माझ्यातून चाळीस वर्षे फक्त माया गेली. तरीही विचारायला हवे होते.