अठराव्या जागेची राणी

निदान ही गोष्ट तरी मी वाढवून सांगत नाही. पत्तेवाल्या जादूगाराची बायको वर्षातले तीनशे दिवस पेटीत जायची. पेटी तीन फूट बाय दोन फूट. रोजच्या खेळात ती गुडघे हनुवटीला लावून आत शिरायची, बाहेरून कडी पडायची आणि नवरा लोकांना हसवत बसायचा. अशी चौदा वर्षं. तिच्या गुडघ्यांना तर आता वाचा फुटली होती.

हंगाम संपला की ती म्हणायची, "अहो, पुरे झालं फिरणं. दोन खोल्या घेऊ कुठेतरी."

"मी कुठे नाही म्हणतो? पत्त्यांना विचारू." तो कॅट काढायचा आणि बदाम राणी मोजून अठराव्या जागी घालायचा. "राणी वर आली की खेळ बंद. किती वेळा पिसू, तूच सांग. मागाहून मला बोल लावू नकोस."

ती कधी सात म्हणाली, कधी अकरा. एकदा चिडून एकशे एक म्हणाली, तर पठ्ठ्याने जेवण बाजूला सारून तितक्या वेळा पिसलं. वर इस्पिक एक्का. दर वर्षी तोच मेला!

"नशीब तुझं," नवरा म्हणायचा.

एके दिवशी पेटीत पडल्या पडल्या तिच्या मनात आलं, एकशे एक वेळा ढवळलं आणि साय जागची हलली नाही? तिने एक फाटका कॅट घेतला, पानापानावर पेन्सिलीने आकडे घातले आणि नवरा पिसायचा तसंच, निम्मे निम्मे करून, एक इकडचं एक तिकडचं, न चुकता रचलं. अठरावं पान पस्तिसाव्या जागी गेलं. पुन्हा रचलं, तर परत अठराव्या. आठव्या खेपेला बावन्नच्या बावन्न पानं निमूट आपापल्या घरी! पहिलं तर हललंच नव्हतं. राणीला दोनच जागा होत्या, जन्मभर पिसा.

हंगाम संपला, आणि सामान बांधायच्या आधी नवरा आतल्या बिजागरीला तेल द्यायला पेटीत शिरला. तिने झाकण लावलं, कडी घातली आणि वर बसली.

"अगं, मी आत आहे!"

"ठाऊक आहे. राणी अठरावी ठेवलीय. वर आली की उघडते. किती वेळा पिसू, तुम्हीच सांगा."

"थट्टा पुरे. गुडघे दुखताहेत."

"इतक्यात? माझे तिसऱ्या वर्षी दुखले."

ती पिसायला लागली. हात नवशिका, झाकणावर एकेक पान टप्, टप्. एका पिसण्याला पाव तास. दुसरं संपेपर्यंत आतला आवाज रडकुंडीला आला.

"पिसून जन्मात यायची नाही ती! काटावं लागतं!"

"असं होय? मग नशीब कुणाचं होतं?"

"किती वेळा पिसलंस ते सांग!"

"दोनदा."

"म्हणजे अठरावर आहे. वरची सतरा उचल, खाली घाल. लवकर, बाई!"

तिने सतरा मोजली, खाली घातली, वरचं पान उलटलं. बदाम राणी.

"आली का?"

"आली. दोन खोल्या. तळमजल्यावर."

"तळमजल्यावर, हो!"

तिने कडी काढली. लगेच नाही हं. आधी कॅटमधून इस्पिक एक्का हुडकला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले, मग.