मण्यांच्या वेलीची दुसरी मांडी

मी एक जुनी मण्यांची वेल आहे. मित्रांनो, आष्टीच्या बाजारपेठेत एक कापडाचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर उगवतीच्या खिडकीत मी शिंक्यात टांगलेली असते. माझी पानं पानांसारखी नाहीत. सोललेल्या वाटाण्यासारखे हिरवे मणी, बारीक दोऱ्यात ओवल्यासारखे, सर होऊन खाली लोंबतात. दूध घालायला येणाऱ्या जयवंताबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या दारातूनच ओरडल्या, "काय वो वैनी, वाटाणे टांगून ठेवले काय? तुम्ही न्हाई केली भाजी, तर मला तरी द्या!"

"मावशी, खायचे नाहीत हं ते. पोटात गेले तर बाधतात," कनिका हसत म्हणाली. म्हणून तर मी उंचावर.

कनिका या घरची सून. तिच्या आईने मला कुंभार पिंपळगावच्या घरी लावलं होतं. लग्नानंतर कनिका माझा एक सर डब्यात घालून, डबा मांडीवर धरून, जीपने इथे आली. पुढे छोटी एकता जन्मण्याआधीच तिची आई गेली. तिकडच्या कुंडीकडे कुणी पाहिलं नाही, ती वाळून गेली. आता त्या हातची मी एवढीच उरले होते. एकता झोपली, की कनिका खिडकीशी यायची आणि आईने शिकवलं होतं तसा माझा एक मणी दोन बोटांत हलकेच धरायची. मणी टणक असला तर पाणी नाही. सुरकुतला तर भरपूर, आणि मग पुन्हा माती पार कोरडी होईपर्यंत थांबायचं. मला पाणी साठवता येतं, मित्रांनो. माझे मणी म्हणजे माझ्या घागरीच.

कनिकाच्या सासूबाई, भंवरीबाई, फार दयाळू. उन्हाळ्यात नळाला आठवडा-आठवडा पाणी नसायचं, तरी गच्चीवरचं पाखरांचं भांडं त्यांनी कधी रिकामं ठेवलं नाही. पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही, आणि मुक्या जिवाला तहानलेलं ठेवायचं नाही, हे त्यांचे नेम. त्या जैन घरात चातुर्मास लागला आणि भंवरीबाईंच्या मनात आलं, ही वेल बिचारी कोरडीच असते की! मग रोज सकाळी जैन स्थानकातलं प्रवचन ऐकून आल्या, की गाळलेल्या पाण्याचा तांब्या माझ्या कुंडीत रिकामा होऊ लागला.

बाहेर आभाळ भरलेलं, ऊन नाही, माती वाळेना. माझी मुळं गुदमरली. कनिका ते बघायची, "मम्मीजी" म्हणून हाक मारायची, आणि पुढचे शब्द गिळायची. कुणाच्या मायेला 'पुरे' कसं म्हणायचं?

एके सकाळी माझे मणी पाणचट होऊन टपटप गळले. त्यातला एक एकताने उचलला आणि तोंडाकडे नेला. कनिकाने धावत येऊन तिची मूठ उघडली, तिला कडेवर घेतलं.

"अगं बिनणी," भंवरीबाई सुनेला म्हणाल्या, "मी रोज पाणी घालून राह्यले, तरी ही का गळून राह्यली?"

"पाणी घालताय म्हणूनच, मम्मीजी." कनिकाच्या तोंडून निघून गेलं. "ती कुजतेय. तुमच्या पाण्याने."

भंवरीबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "म्हणजे मी जीव मारला?" त्या हळूच म्हणाल्या.

कनिकाने कात्री आणली. कूज वर चढण्याआधी चांगला सर कापून कोरड्या मातीत लावायचा, एवढीच वाट तिला माहीत होती.

"थांब! चातुर्मासात या घरात हिरवं तुटत न्हाई. माझा नियम आहे."

"मंग मरू द्यायची का हिला? माझ्या आईची आहे ती!"

एकता कात्रीकडे झेपावली, तशी कनिकाने कात्री टाकली आणि पोरीला सासूबाईंकडे दिलं. भंवरीबाई खाली बसल्या. त्यांची मांडी लेकराखाली नीट आली, तेव्हाच कनिकाने आपला हात काढला. भंवरीबाई त्या हाताकडे बघतच राहिल्या.

"बिनणी, आत्ता पोरीला कशी दिलीस? माझी मांडी येईपर्यंत सोडलं न्हाई ना? बराबर तसंच कर. तोडू नको. हिला आधी दुसऱ्या मांडीवर ठेव. तिथं बसली, की मंग इकडचं आपोआप सुटेल."

कनिकाने पसरट मातीचं भांडं आणलं, त्यात माती, वाळू आणि विटेचा चुरा मिसळून भरला. माझी कुंडी शिंक्यातून उतरवून उंच फळीवर ठेवली, शेजारी ते भांडं. माझा सगळ्यात धडधाकट सर न तोडता त्यावर आडवा ठेवला आणि केसांच्या काळ्या पिनांनी हलकेच दाबला.

"आता वेलीचीबी वेणी घालून राह्यल्या का?" जयवंताबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे सासू-सुना दोघी हसल्या.

जुन्या कुंडीतलं माझं शरीर हळूहळू संपत गेलं. पण मण्यांच्या मधून पांढरी, केसासारखी मुळं खाली उतरली आणि त्यांनी नवी माती धरली. एक दिवस मधला दोरा वाळून आपणच तुटला. कात्री लागली नाही, नियम मोडला नाही, आणि मी राहिले.

मित्रांनो, भंवरीबाई आजही सकाळी तांब्या घेऊन माझ्यापाशी येतात. पण आधी चष्मा वर सरकवतात, माझा एक मणी दोन बोटांत धरतात, अगदी कनिकाची आई धरायची तसा. त्या बाईला त्यांनी कधी असं करताना पाहिलं नव्हतं. तुम्हीही कुणाला काही द्यायला जाल, तेव्हा आधी एवढं करा. जवळ जा, हात लावून बघा, विचारा.

"तहान लागली का गं?" भंवरीबाई विचारतात.

मणी टणक असतो. त्या मान डोलावतात आणि भरलेला तांब्या घेऊन गच्चीवर, पाखरांकडे जातात.